नाटकातल्या नाटकातली माणसं

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात राम नाटक बघायला बसतो. गंगेच्या काठी रंगमंच उभारलाय. नाटक लिहिलंय वाल्मीकींनी, बसवलंय साक्षात भरतमुनींनी आणि कामं करताहेत अप्सरा. विषय सीतेचा त्याग, म्हणजे रामाच्याच आयुष्याची गोष्ट, त्याच्याच डोळ्यांसमोर. आतून सीतेचा आक्रोश ऐकू येतो. ती अरण्यात एकटी आहे, कळा सुरू झाल्यात आणि आता ती गंगेत उडी घेणार आहे. ते ऐकून राम ताडकन उठतो, तिला थांबवायला धडपडतो. हे नाटक चाललंय, याची आठवण त्याला लक्ष्मणाला करून द्यावी लागते.

आता थर मोजू. सगळ्यात बाहेर आपण, तिकीट काढून बसलेले. समोर एक नट, त्यानं रामाचं सोंग घेतलंय. तो राम बघतोय सीतेकडे. ती सीता म्हणजे एक अप्सरा आणि ती अप्सरा म्हणजे एक नटी. एकाच देहावर दोन सोंगं चढलेली. आतल्या नाटकाचा लेखक वाल्मीकी, आणि हा वाल्मीकीही भवभूतीच्या नाटकातलं एक पात्र. इतक्या थरांखालून आलेली हाक ऐकून राम उठतो, आणि त्याला उठलेला बघून आपल्या घशात आवंढा येतो. निवांत विचार केला तर हे सगळं चक्रावून टाकणारं आहे. पण नाट्यगृहात कोणी चक्रावत नाही, डोळे तेवढे पुसले जातात.

कथेच्या आतल्या कथेत जी माणसं राहतात, त्यांना माणूस म्हणून मोजायचं का? रामकथा घडली की रचली, हा वाद इथे नको, त्याला इतर जागा पुष्कळ आहेत. आपला प्रश्न कथेला आतून आणखी एक दार उघडतं तेव्हाचा आहे. आणि हा प्रश्न विचारायला नाशिकइतकं सोयीचं गाव मला दुसरं माहीत नाही.

भवभूती आठव्या शतकातला, त्याचं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं. त्याच्या या नाटकाचा सगळ्यात हळवा अंक, तिसरा, घडतो गोदाकाठी, पंचवटीच्या परिसरात. (पंचवटी आपलीच, असं तेलंगणात भद्राचलमजवळच्या पर्णशाळेतले लोकही सांगतात. नाशिककर हा दावा ऐकून घेतात आणि गुळवेल चावल्यासारखं तोंड करतात.) पण त्याआधी पहिला अंक. गरोदर सीतेचं मन रमावं म्हणून लक्ष्मण तिला भिंतीवरची चित्रं दाखवायला नेतो. चित्रांत तिघांचाच वनवास रंगवलेला आहे. पंचवटी येते, शूर्पणखा येते, आणि सीता दचकते, आता आपली ताटातूट होणार म्हणून घाबरते. राम तिला समजावतो की अगं, हे चित्र आहे. पुढे जनस्थानातलं स्वतःचं रडणं चितारलेलं बघून त्याच्याच डोळ्यांना धारा लागतात.

पहिल्या अंकात सीतेला चित्राची आठवण करून देणारा राम, सातव्या अंकात त्यालाच नाटकाची आठवण करून द्यावी लागते. भवभूतीनं ही जोडी जाणून जुळवली आहे, असं मी धरून चालतो. दरम्यान काय झालं? ती चित्रं बघूनच सीतेला पुन्हा अरण्यात जायचा डोहाळा लागला, आणि त्याच निमित्तानं तिला वनात सोडण्यात आलं. चित्र नुसतं चित्र राहिलं नाही.

मधला तिसरा अंक, ज्याला 'छाया' असंच नाव आहे, त्यात तर कमाल आहे. बारा वर्षांनी राम पंचवटीत येतो. सीताही तिथे आलेली आहे, पण भागीरथीच्या वरामुळे ती कुणाला दिसत नाही, वनदेवतांनासुद्धा नाही. राम मूर्च्छित पडतो, ती त्याला स्पर्श करते, तो सावध होतो. हा स्पर्श त्याला ओळखीचा वाटतो आणि समोर कोणी नसतं. रामापुरती ती भास आहे, आपल्यापुरती ती मंचावर उभी आहे. खरी कोण आणि भास कोण, हे तुम्ही कोणत्या थरावर बसलात यावर ठरतं.

आज पंचवटीत सीतागुंफेत उतरायचं तर आधी वाकावं लागतं, मग बसावं लागतं, आणि मग दगडाला खांदे घासत पुढे सरकावं लागतं. धिप्पाड माणसाची पंचाईतच. आत राम, लक्ष्मण, सीतेच्या मूर्ती आणि एक शिवलिंग. मागून येणाऱ्या रांगेचा श्वास मानेवर येत असतो, त्यामुळे फार वेळ थांबता येत नाही. सीताहरण इथलंच, असं बाहेर सांगतात. हरण झालं ते कोणत्या सीतेचं, हे मात्र कोणी सांगत नाही. त्याकडे आपण येऊच.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञांतल्या सॉल क्रिपकी यांनी १९७३ साली ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानांत या थरांवर नेमकं बोट ठेवलं. ती व्याख्यानं पुस्तकरूपानं यायला २०१३ उजाडलं. त्यांचं उदाहरण 'हॅम्लेट'चं. हॅम्लेट नावाचा माणूस कधी नव्हता हे खरं, पण हॅम्लेट नावाचं पात्र आहे. शेक्सपिअरनं लिहिलं म्हणून ते अस्तित्वात आलं. राष्ट्र जसं माणसांच्या उद्योगातून उभं राहतं आणि तरी त्याला हात लावता येत नाही, तसंच पात्राचं. हॅम्लेट नाटकात एक नाटक करवतो, गोन्झागोच्या खुनाचं. आता हा गोन्झागो कोण? ते नाटक फक्त हॅम्लेटच्या जगात आहे, आपल्या जगात कोणी ते लिहिलेलं नाही. म्हणून क्रिपकींच्या मते गोन्झागो माणूस तर नाहीच, तो धड पात्रसुद्धा नाही. तो पात्रांच्या जगातलं पात्र आहे. हॅम्लेटला विचाराल तर तो म्हणेल, गोन्झागो हे एक पात्र आहे. आपण म्हणू, असं कोणतंही पात्र नाही.

ही कात्री धारदार आहे. ती नाशिकच्याच एका माणसाच्या नाटकावर चालवून बघू. वि. वा. शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, आयुष्याचा मोठा भाग नाशिकला राहिले आणि १९९९ साली तिथेच गेले. त्यांचं 'नटसम्राट' १९७० साली दि गोवा हिंदू असोसिएशननं रंगभूमीवर आणलं, आणि नाक-कान-घशाचे डॉक्टर असलेले श्रीराम लागू पहिले गणपतराव बेलवलकर झाले. बेलवलकर हा निवृत्त नट. त्यानं घरदार मुलांना देऊन टाकलं आणि लिअर राजासारखा रस्त्यावर आला. शेवटी मरताना तो आपल्या भूमिकांची नावं घेत जातो. त्यांत ज्युलियस सीझर येतो, ऑथेल्लो येतो, 'एकच प्याला'चा सुधाकर येतो, हॅम्लेट येतो, आणि त्याच रांगेत तो स्वतःचं नावही उभं करतो.

या रांगेकडे जरा निरखून बघा. आपल्या थरावरून पाहिलं तर तिच्यात खरोखर जन्माला आलेला एकच माणूस आहे, सीझर. बाकी सगळी पात्रं, बेलवलकरसुद्धा. बेलवलकराच्या थरावरून पाहिलं तर सीझर मरून दोन हजार वर्षं झाली, ऑथेल्लो, सुधाकर आणि हॅम्लेट कधी नव्हतेच, आणि रांगेत जिवंत माणूस एकच, तो स्वतः. तेही काही क्षणांपुरता. आणि हॅम्लेट? तो दोन्ही थरांवर तोच आहे. गोन्झागोसारखा तो आतल्या जगातच जन्मलेला नाही, बाहेरून आत नेलेला आहे. बेलवलकरानं साकारलेला हॅम्लेट आणि आपला हॅम्लेट यांत क्रिपकींची कात्री भेद करू शकत नाही. शिरवाडकरांनी हे काही तत्त्वज्ञान म्हणून लिहिलं नसणार. 'मॅकबेथ' त्यांनी 'राजमुकुट' करून मराठीत आणला होता, 'ऑथेल्लो'ही आणला होता. ती सगळी मंडळी त्यांच्या घरात वावरत असणार, आणि तीच बेलवलकराच्या तोंडी आली.

पण कात्रीनं कापड कापलं तरी अंगरखा होत नाही. कोणता थर कुठे संपतो हे क्रिपकी सांगतात, पण चौथ्या थरातल्या बाईसाठी पहिल्या थरातला माणूस रडतो का, हे सांगत नाहीत. तो प्रश्न कॉलिन रॅडफर्ड या इंग्रज तत्त्वज्ञांनी १९७५ साली विचारला. अॅना कॅरेनिना कधी नव्हती हे पक्कं ठाऊक असताना आपण तिच्यासाठी हळहळतो, हे कसं? त्यांचं उत्तर असं की आपण हळहळतो हे खरं, पण त्यात विसंगती आहे, आपलं वागणं सुसंगत नाही. मला हे उत्तर जरा कोरडं वाटतं. रात्रभर तमाशाच्या फडात किंवा आख्यानाला बसलेल्या माणसाला विसंगत म्हणून घरी पाठवता येत नाही.

काश्मीरच्या श्रीशंकुकानं याच प्रश्नावर हजारेक वर्षांपूर्वी जे सांगितलं, ते जास्त पटतं. नटाकडे बघून 'हा राम आहे' असं आपल्याला वाटतं, ते ज्ञान कोणत्या जातीचं? ते खरं ज्ञान नाही, कारण तो राम नाही हे आपल्याला माहीत असतं. ते खोटंही नाही, कारण दोरीला साप समजणारा माणूस पुढे फसल्याचं कबूल करतो, आपण तसं काही करत नाही. तो संशयही नाही, राम आहे की नाही अशी चुळबुळ मनात नसते. आणि हा रामासारखा आहे, असंही वाटत नाही. चित्रातला घोडा बघून लहान पोर जसं बिनदिक्कत 'घोडा' म्हणतं, तसं हे पाचव्या जातीचं ज्ञान आहे. 'चित्रतुरगन्याय' म्हणून अलंकारशास्त्राच्या वर्गात हे घोकायला लावतात, आणि परीक्षेनंतर कोणी त्या घोड्याकडे फिरकत नाही. अभिनवगुप्तानं पुढे शंकुकाच्या एकूण मताची चांगलीच झडती घेतली, पण घोडा टिकला.

आता गंमत बघा. चित्रातल्या घोड्यावर कोणी चित्रातलाच माणूस बसलाय, आणि त्याच्या हातात आणखी एका घोड्याचं चित्र आहे. ते बघूनही आपण 'घोडा'च म्हणतो. चित्रातल्या चित्रातला घोडा 'अर्धा घोडा' होत नाही. सातव्या अंकात रामाच्या समोरची सीता आपल्याला पातळ वाटत नाही, ती याचमुळे. थर वाढले म्हणून भाव पातळ होत नाही. उलट राम स्वतःच प्रेक्षक झालेला बघून आपल्याला आपल्या शेजारी बसायला कोणीतरी मिळतं.

नाशिकनं याचा प्रयोग पडद्यावरही करून पाहिला आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला नेला आणि १९१७ साली 'लंकादहन' काढला. त्यात अण्णा साळुंके राम झाले, आणि सीताही तेच झाले. हॉटेलात काम करणाऱ्या या तरुणाला फाळक्यांनी आधी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती केलं होतं, बाईमाणूस सिनेमात काम करायला तयार नव्हतं म्हणून. एकाच चेहऱ्याचे राम आणि सीता, आवाज नाही, रंग नाही. तरी पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातली पादत्राणं काढून हात जोडत, असं त्या काळाबद्दल सांगतात. साळुंके कोण हे कळलं नव्हतं म्हणून नव्हे. घोडा बघितला, घोडा म्हणाले.

इथवर भावाची गोष्ट झाली. माणूस म्हणून मोजणं ही मात्र भावनेपलीकडची, हक्काची बाब आहे, आणि तिचा निवाडा आपल्याकडे कोर्टानं आपल्या पद्धतीनं केलेला आहे. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती भारतीय कायद्यात 'व्यक्ती' असते. तिच्या नावावर जमीन असते, ती दावा लावू शकते, तिच्यावर दावा लागू शकतो. अज्ञान मुलाच्या वतीनं पालक उभा राहतो तसा तिच्या वतीनं कोणीतरी माणूस उभा राहतो. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलनं तर मूर्तीला हलवताना तिच्याही इच्छेचा विचार व्हायला हवा, इथवर मजल मारली. ९ नोव्हेंबर २०१९ च्या अयोध्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं रामलल्लाला व्यक्ती मानलं, पण जन्मस्थानाच्या जमिनीला मानलं नाही. म्हणजे कायद्याला हाडामांसाचं देणंघेणं नाही. कोणाचं तरी हित आहे आणि त्याच्या वतीनं कोणीतरी बोलायला हवं, एवढं दिसलं की तो 'व्यक्ती' म्हणतो.

आणि इथे पंचवटीतलंच काळाराम मंदिर आठवल्याशिवाय राहत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुष त्या मंदिराच्या दारांशी जाऊन बसले. सत्याग्रहाची बाजू नाशिकचे भाऊराव, म्हणजे दादासाहेब, गायकवाड सांभाळत होते. दारं बंद करण्यात आली. त्या वर्षी रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली. सत्याग्रह पाचेक वर्षं रेंगाळत चालला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. दाराच्या आत कायद्यानं व्यक्ती ठरणारी काळ्या पाषाणाची मूर्ती होती, आणि दाराबाहेर उन्हात बसलेल्या हाडामांसाच्या माणसांना आत येण्याइतकंही माणूस मानायला गाव तयार नव्हतं. पात्रांना माणूस म्हणायचं की नाही, यावर डोकं खाजवताना हे विसरून चालणार नाही. मोजणाऱ्याच्या हातात किती सत्ता असते हे त्या दारांनी दाखवलं.

आता गुंफेबाहेर सोडलेला प्रश्न. वाल्मीकींच्या रामायणात हरण होतं ते सीतेचंच. पण पुढे 'अध्यात्मरामायणा'सारख्या ग्रंथांना ते सोसवेना. रावणाचा हात सीतेला लागला कसा? म्हणून तिथे राम आधीच सीतेला सांगतो की तू अग्नीत जाऊन राहा आणि पर्णकुटीत तुझी छाया ठेव. तुलसीदासांकडे तर ही युक्ती लक्ष्मणालाही ठाऊक नाही. रावण नेतो ती छाया. अशोकवनात बसते, धमक्या ऐकते, हनुमानाकडून अंगठी घेते, ती छाया. लंका पडल्यावर अग्निपरीक्षेत ती जळून जाते आणि अग्नीतून खरी सीता परत येते. सगळे सुखी.

मला ही तोड फार सोयीची वाटते, आणि थोडी निर्दयसुद्धा. हे कथेच्या आत कथेनंच निर्माण केलेलं माणूस आहे. पंचवटीत त्या दिवशी ती अस्तित्वात आली, पुढचं सगळं तिनं भोगलं, आणि काम झाल्यावर तिला आगीत परत केलं. क्रिपकींना विचारलं असतं तर त्यांनी तिला कुठे बसवलं असतं कोण जाणे. ती गोन्झागोसारखी कोणाच्या नाटकातली नाही. रामाच्याच जगात ती एक प्रतिकृती आहे, पण अशोकवनातली तिची आसवं कोणा दुसऱ्याच्या गालावरची नव्हती.

ही टोचणी काही आपल्याच काळाला लागली, असं नाही. ब्रह्मवैवर्त पुराण आणि देवीभागवत यांनी कथा आणखी एक पाऊल पुढे नेली. तिथे अग्नी खरी सीता रामाच्या हवाली करतो, तेव्हा छाया जळून जात नाही. ती तिथेच उभी असते, आणि राम आणि अग्नी दोघांना विचारते की आता मी काय करू? तिला रावणाच्या डोळ्यांसाठी बनवलं होतं, पुढचं काही ठरवलेलंच नव्हतं. पण ती प्रश्न विचारते, आणि प्रश्न आल्यावर त्या दोघांनाही उत्तर द्यावं लागतं. ते तिला पुष्करला जाऊन तप करायला सांगतात. ती दीर्घ तप करते. पुढे शंकर प्रसन्न होतो, आणि उतावीळ होऊन ती पाच वेळा नवरा मागते. कोणी तिला पुन्हा सावली म्हणून हिशेबाबाहेर टाकत नाही. तिला मागला जन्मही मिळतो, वेदवतीचा, आणि पुढलाही. या पुराणांप्रमाणे द्रुपदाच्या यज्ञकुंडातून वर येते ती हीच छाया, पाच पांडवांची द्रौपदी होऊन.

मग महाभारत सुरू होतं, म्हणजे पुन्हा थर. नैमिषारण्यात शौनकाच्या सत्रात सूत उग्रश्रवा गोष्ट सांगतोय. ती त्यानं वैशंपायनाच्या तोंडून ऐकली, जनमेजयाच्या सर्पसत्रात. वैशंपायनाला ती व्यासांनी दिली, आणि व्यास स्वतः त्या कथेतले आजोबा. जनमेजय हा अर्जुनाचा पणतू, म्हणजे राम जसा स्वतःचं नाटक बघायला बसला, तसा हा आपल्याच घरची भानगड ऐकायला बसलेला. या सगळ्यांच्या तोंडून गाळून आपल्यापर्यंत येतो तो द्यूतसभेतला प्रसंग. तिला न्यायला आलेल्या प्रातिकामीला द्रौपदी परत पाठवते, एक प्रश्न देऊन. युधिष्ठिरानं आधी स्वतःला हरवलं की मला? आधी स्वतःला हरवलं असेल, तर जो स्वतःचाच मालक उरला नाही, त्याला मला पणाला लावायचा अधिकार कुठून आला?

सभेत भीष्म होता, द्रोण होता, धृतराष्ट्र होता. भीष्म म्हणाला, धर्म सूक्ष्म आहे, या प्रश्नाचं नीट उत्तर मला देता येत नाही.